बुधवारची पांढरी गाडी

आता काय सांगू तुम्हाला! पन्नाशी उलटलेला, अंबत्तूरच्या कारखान्यात अख्खा विभाग सांभाळणारा, बऱ्यापैकी टक्कल पडलेला गृहस्थ भर पंगतीत हमसून हमसून रडताना तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? चेन्नईजवळच्या कोवलमला जेवायला बसलेल्या समस्त म्हाताऱ्यांनी पाहिलाय. तो गृहस्थ मी.

चहा घ्या, सांगतो. हसायचं नाही मात्र. बरं, हसा. आमच्या घरातले सगळे हसून मोकळे झालेत, तुम्हीच कशाला मागे राहता?

तर माझे आईबाबा मूळचे कराडचे. दोनेक वर्षांपूर्वी मी त्यांना इथे चेन्नईला, अण्णा नगरच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचं काम. तपासणीला गेलेल्या दुकानात हा माणूस चहा सोडाच, पाणीसुद्धा प्यायचा नाही. घरून फिरकीचा तांब्या न्यायचा! लहानपणी एका वाण्याने माझ्या हातावर लिंबाची गोळी ठेवली, तर बाबांनी मला ती परत द्यायला पाठवलं होतं. ती मी आधीच तोंडात घातलीय, हे सांगूनही उपयोग झाला नाही. बिचाऱ्या वाण्याने ती घेतलीसुद्धा.

आणि आई? आईच्या सगळ्या चांगल्या साड्या कपाटात. मऊ पंच्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून. कधी नेसणार विचारलं की म्हणायची, "काहीतरी प्रसंग येऊ दे." माझ्या लग्नातसुद्धा तिने दोन नंबरची साडी नेसली होती. एक नंबरची याहून मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवली होती. माझ्या लग्नाहून मोठा प्रसंग कोणता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अशी ही दोन माणसं. ती इथे आली आणि हळूहळू बदलायला लागली हो! बाबांनी फुलाफुलांचा शर्ट घेतला. मेट्रो स्टेशनच्या बाहेर उभे राहून पाणीपुरी खाल्ली. कुठलीही नवीन गोष्ट सुचवली की पूर्वी "कशाला?" म्हणायचे, ते आता "बघू की, मजा येईल" म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय!

मला भारी कुतूहल वाटायला लागलं. माणूस पंचाहत्तरीला येऊन असा उलटा कसा काय फिरतो? माझ्या नोकरीत मी मालाची गुणवत्ता तपासतो. चालू मशीन अचानक वेगळा आवाज करायला लागलं, तर ते आधी उघडून बघायचं, हा आमचा धर्म.

एका बुधवारी दुपारी मी चार्जर विसरलो म्हणून घरी आलो, तर दाराला कुलूप. संध्याकाळी विचारलं, तर आई म्हणाली, "देवळात गेलो होतो." बाबा आणि देवळात? शिवाय दोघांची तोंडं विड्याने लालभडक. रात्री दोघांनाही भूक नाही. आणि दांडीवर वाळत काय होतं माहितीये? आईची एक नंबरची साडी!

मी बायकोला, अनघाला म्हटलं, "काहीतरी शिजतंय."

ती म्हणाली, "शिजू दे. आपल्या पिढीत तरी कुणी मजा करतंय का?"

पण माझं मशीन उघडायचं राहिलं होतं ना! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गोविंदराव भेटले. हे आमच्या खालच्या मजल्यावरचे, तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं आणि हेल अस्सल तमिळ, 'सर'चं 'सार' करणारा. मी सहज विचारलं, "आईबाबा बुधवारी कुठे जातात, काही कल्पना?"

"ते नव्हे का, पांढरी गाडी येते," गोविंदराव म्हणाले. "म्हातारे लोकांस घर दाखवितात, ते गाडी. कोवलमकडे. बहुत उत्तम घरें, सार. डाक्टर आहे, बागा आहे, जेवण…"

तेवढ्यात त्यांचा मजला आला, आणि ते हात जोडून उतरले. लिफ्टचं दार बंद झालं. वृद्धांची वसाहत! माझे आईबाबा माझं घर सोडून जायला निघालेत!

मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्याच आठवड्यात मी टीव्हीच्या आवाजावरून बाबांवर खेकसलो होतो. आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती, तेव्हा मी "हो, कळलं" म्हणालो होतो. समुद्र दाखवायला नेतो नेतो म्हणून एकदाही नेलं नव्हतं. खरं सांगतो, जेवण जाईना. विचारायला त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. ते जर "हो, जातोय" म्हणाले तर?

मग मी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. इतकं प्रेम करायचं, इतकं प्रेम करायचं की ते स्वतःहून बेत रद्द करतील.

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी सुरूच झालो. सकाळी उठून आईला चहा करून दिला. तिने तो वासाने ओळखून बेसिनमध्ये ओतला, पण मी खचलो नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या. बाबांचा टीव्ही मीच मोठा करून द्यायला लागलो. संध्याकाळी त्यांचा हात धरून टॉवर पार्कला फिरायला नेलं, आणि बाकावर बसवून म्हटलं, "बाबा, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत."

बाबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "ठीक आहे ना सगळं?"

"हो की. का?"

"काही नाही," बाबा म्हणाले, आणि माझा हात सोडवून घराकडे निघाले.

दोन दिवसांनी अनघा डोक्याला हात लावून माझ्याकडे आली. "अहो, काय चालवलंय तुम्ही? बाबांनी मला गॅलरीत बोलावून विचारलं, 'सूनबाई, खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले? मला किती दिवस दिलेत?' आणि आईंना वाटतंय की आजार त्यांनाच आहे, बाबांना फक्त माहिती आहे! दोघं एकमेकांना औषधाची आठवण करून करून थकलेत."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आजारी तुमचा मुलगा आहे."

आता तरी मी शहाणं व्हावं की नाही? नाही! बुधवार उजाडला. मी ऑफिसात रजा टाकली, खाली कोपऱ्यावर टॅक्सी उभी करून दबा धरून बसलो. पांढरी गाडी आली. बाबा फुलाफुलांच्या शर्टात, आई एक नंबरच्या साडीत, डोक्यात मोगरा. माझ्या लग्नाहून मोठा प्रसंग हाच होता तर! दोघं ऐटीत गाडीत बसले, आणि मी चालकाला म्हटलं, "त्या गाडीच्या मागे चला."

"पोलीस का सार?" त्याने विचारलं.

"मुलगा," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही, पण त्याने गाडी मात्र जोरात सोडली.

ईस्ट कोस्ट रोडने आम्ही कोवलमला पोचलो. कमानीतून आत गेलो, तर नारळाच्या बागेत टुमदार घरं, समोर मांडव, मांडवात केळीची पानं मांडलेली आणि पानांवर ओळीने म्हातारे-म्हाताऱ्या. एका ओळीत माझे आईबाबा. त्यांच्यासमोर कंपनीची एक तरुण मुलगी हसतमुखाने उभी होती.

"सो अंकल, सी-फेसिंग ऑर गार्डन-फेसिंग?"

"सी-फेसिंग," बाबा ठणकावून म्हणाले. "ओन्ली सी-फेसिंग."

"आणि देवघर पूर्वेला पाहिजे म्हणावं," आई म्हणाली.

माझा बांध फुटला हो! मी धावतच मांडवात शिरलो आणि बाबांच्या पायाशी लोटांगण घातलं. पाय मांडीखाली होते, म्हणून मी गुडघे धरले. माझा एक हात पानावरच्या पायसात गेला, तेही मला समजलं नाही.

"बाबा, घरी चला! आई, चल! टीव्ही कितीही मोठा लावा! मी कधी काही बोलणार नाही! मला टाकून जाऊ नका!"

एक तमिळ आजी डोळ्यांना पदर लावून रडायला लागल्या. त्यांचं बघून शेजारचे आजोबा रडले. वाढपी सांबाराची बादली घेऊन जागच्या जागी थिजला. त्या कंपनीच्या मुलीचेसुद्धा डोळे भरून आले. भाषा कुणालाच कळली नव्हती, पण प्रकरण सगळ्यांना कळलं होतं.

बाबा वाकले. माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाले, "अरे गाढवा, जेवायला आलोय."

"काय?"

"जेवायला! हात काढ त्या पायसातून. चांगलं झालंय."

मी मान वर केली. समोरच्या ओळीत गोविंदराव वडा खात होते. "मी सांगत होतो सार," ते म्हणाले, "लिफ्टचें दार लागलें."

सगळा उलगडा नारळाखाली बसून झाला. म्हणजे असं, की या शहरात म्हाताऱ्यांसाठी अशी घरं बांधणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. फोन केला की त्या घरी एसी गाडी पाठवतात, समुद्राच्या कडेने फिरवून आणतात, घरं दाखवतात, केळीच्या पानावर जेवण, वर विडा, आणि घरी आणून सोडतात. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. ही बातमी आणली गोविंदरावांनी, आणि आमचे मातापिता दर बुधवारी कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पाहुणे होऊ लागले.

"बुधवारीच का?" मला तरी प्रश्न काय पडावा!

"शनिवार-रविवारी खरी गिऱ्हाइकं असतात," बाबा म्हणाले. "उगाच गर्दी."

"पण बाबा, तुम्ही? तुम्ही तर लिंबाची गोळी परत करायला लावलीत मला!"

"तेव्हा मी तपासायला जायचो, लेका. ज्याला तपासायचं त्याचं खायचं नाही. आता मला कुणालाच तपासायचं नाहीये. आणि मी खोटं बोलत नाही हां. निघताना स्वच्छ सांगतो, विचार करून कळवतो. विचार करतोच मी. गाडीत बसून तोच करतो."

"आणि आई, ती साडी?"

"मग कुठे नेसू?" आई म्हणाली. "प्रसंगाची वाट बघत बसले, तर कपाटच नेसेल ती. इथे चार बायका भेटतात, साडीला हात लावून बघतात. मला त्यांचं बोलणं कळत नाही, त्यांना माझं. पण पदर सगळ्यांना कळतो."

"मला सांगायचं तरी!"

"तू नियम सांगत बसला असतास," बाबा म्हणाले. "माझ्यावर गेलायस ना."

बाबांचं ते बोलणं खरं होतं की नाही, हे तपासायला अनघाला विचारायचीही गरज नव्हती.

पण किस्सा इथे संपला असता तर बरं होतं. निघताना ती कंपनीची मुलगी बाबांना म्हणाली, "अंकल, युवर सन लव्ह्ज यू सो मच. ही विल नेव्हर सेंड यू." आणि तिने बाबांचं नाव खोडलं. या मंडळींचं आपसात बोलणं असतं की काय कोण जाणे, पण पुढच्या बुधवारी पांढरी गाडी आली नाही. दुसऱ्या कंपनीची निळीही आली नाही. बाबा दाढी करून, शर्ट घालून सोफ्यावर बसून राहिले. आई दुपारी साडी बदलून आली आणि ती परत पंच्यात गुंडाळायला लागली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच तर वाईट होतं! मी म्हटलं, चला, मी नेतो समुद्रावर, हॉटेलात जेवू. बाबा म्हणाले, "नको रे. तुझ्याबरोबर गेलो की ती सहल होते. तिकडे आम्ही पाहुणे असायचो."

मला खरंच फार वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसांनी इतक्या वर्षांनी एक चैन शोधून काढली, आणि मी प्रेम करून ती घालवली.

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. तीच मुलगी! मांडवात पाणी देताना तिने माझा नंबर घेतला होता, आठवलं. मी स्पीकर लावला.

"सर, त्या दिवशी तुम्हाला पाहिलं," ती इंग्रजीत गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही फार इमोशनल झाला होतात. या वयात एकटेपणाची भीती वाटतेच. आमच्याकडे पन्नाशीच्या पुढच्यांना बुकिंग करता येतं. स्वतःसाठी काही विचार केलाय का, अंकल?"

अंकल! मला! मी संतापून काहीतरी बोलणार, तोच बाबा सोफ्यावरून उठले. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती चमक दिसली! ते दोन्ही हातांनी खुणा करत होते: हो म्हण, हो म्हण! आणि आई पंचा सोडत होती.

काय करता? काल बुधवार होता. पांढरी गाडी माझ्या नावाने आली. आईबाबा माझ्यासोबतचे नातेवाईक. गाडीतून उतरताना त्या मुलीने माझा दंड धरला. "केअरफुल, अंकल, स्टेप आहे." मागून माझे पंचाहत्तरीचे बाबा टुणकन उडी मारून उतरले आणि तिला आपल्या इंग्रजीत सांगू लागले, "मुलासाठी बघतोय. स्वभावाने चांगला आहे, पण हल्ली वयोमानाने फार रडतो."

ती मुलगी माझ्याकडे पाहून मायेने हसली. पंगतीत मला पहिल्या पानावर बसवलं. सी-फेसिंग की गार्डन-फेसिंग, असं विचारलं. माझ्या तोंडात वडा होता, आणि वडा खरोखर सुरेख झाला होता. मी तो गिळला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणालो, "विचार करून कळवतो."

आणि खोटं कशाला बोलू? परत येताना गाडीत बसून मी तोच करत होतो.