ओघळ

रोह्याचे मुरादभाई चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत आले. त्यांच्या ‘ण’च्या दांडीला खाली एक ओघळ असायचा. पहिल्याच पाटीवर रंग पातळ झाला होता, तेव्हा पुसायच्या ऐवजी त्यांनी ओघळाला ब्रशने वळण दिलं, आणि लोक तोच बघून ओळखू लागले, "ही मुरादची पाटी!"

पेणची उर्वी कॉम्प्युटरवर जाहिराती करायची. रेषा कुठे जाड, दोन अक्षरांत जागा किती, सगळं ती त्यांच्याकडून शिकली. "चाचा, मुळाक्षरं लिहून द्या ना, जपून ठेवते." चाचांनी हातचं न राखता लिहून दिली.

परवा एसटीतून त्यांना पेणजवळच्या गडब गावात एका टेम्पोवाल्याचा फ्लेक्स दिसला: पेण, ठाणे, पुणे. तीन ‘ण’, तिन्हींना तोच ओघळ, तसूभर फरक नाही. हाताने असं कधी होतं? त्यांनी बसल्या जागेवरून उर्वीला फोन लावला.

"फॉन्ट केलाय चाचा! कोणीही टाइप केलं की तुमचंच अक्षर उमटतं. ‘उर्वी’ नाव ठेवलंय."

मुरादभाईंचा आवाज असा चढला की अख्खी एसटी वळून बघू लागली. "गो, तो ओघळ म्हणजे माझी चूक होती. निदान चूक तरी माझ्या नावावर ठेवायचीस!"