लखूमामांचा तळहात

लखूमामा सकाळी विहिरीवर आले की डावा तळहात पुढे करत आणि म्हणत, "आधी माझा घे." विहिरीत उतरणारा माणूस तो हात नाकापाशी नेऊन हुंगत असे. मग मामा त्याचा हात हुंगत. पटलं तर एकच शब्द, "उतर." नाही पटलं तर त्या माणसाला दिवसभर काठापासून लांब दगड रचायला पाठवत. यात चेष्टा नव्हती. गांजा आणि तंबाखू डाव्या तळहातावर एकत्र मळून चिलमीत भरतात, आणि तो वास साध्या पाण्यानं जात नाही. मामांना हे माहीत होतं, कारण एके काळी ते स्वतःही मळत.

ते माझे सख्खे मामा नव्हते. हसनाबादच्या आमच्या बौद्धवस्तीत सगळेच त्यांना मामा म्हणत. विहिरी खोदणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आले की मायसोबत त्यांच्याच टोळीत मुरमाच्या पाट्या टाकायला जायचे. त्यामुळे मामांना मी जवळून पाहिलं. ते मला तसंच कागदावर उतरवता येईल की नाही, हे मात्र सांगता येत नाही.

विहिरीच्या काठावर यारी असते. तिच्या दोरावरची लोखंडी बादली खालून दगड वर आणते, माणसंही तिच्यातूनच उतरतात. यारीचा ब्रेक माझ्या बाच्या हातात असे. दुपारच्या सुट्टीत टोळीतल्या काहींची लिंबाखाली चिलमीची बैठक बसे; तिथं बाला सवय लागली, आणि एकदा भरलेली बादली त्याच्या हातून सुटली. खाली विहिरीत टोळीतले भगवानराव होते. भिंतीला चिकटून उभे राहिले म्हणून वाचले. मामांनी त्याच दिवशी ब्रेक स्वतःकडे घेतला, आणि दुसऱ्या सकाळपासून हात हुंगणं सुरू झालं.

"सखाराम, तुला मी काढून टाकत न्हाई," ते बाला म्हणाले, "पण ब्रेकच्या या दांड्याला हात लावू नको. गांजा सोड, मंग बघू."

बानं गांजा सोडला. बिडी मात्र चालू ठेवली. बिडीनं कुठं डोकं फिरतं, असं तो मायला सांगायचा. राजूरच्या चतुर्थीच्या जत्रेला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी मामांनी त्याचा हात हुंगला, पण "उतर" म्हटलं नाही. जत्रेत बिडी चोळून तंबाखू तळहातावर घेतली होती, आणि तिच्यात घालायला कुणीतरी गांजा दिला होता.

"चिलमीत आर्धी तंबाखूच राह्यते," मामा म्हणाले. "तू एक बैल सोडला अन् दुसरा जुवालाच ठिवला. तो जोडीदाराची वाट पाहून राह्यला. दोन्ही संगंच सोड."

"दोन्ही संगं? जीव जाईल माझा, लखूभाऊ."

"तुझा जात न्हाई. खाली हाय त्याचा जाईल."

बानं तळहात कपड्याला पुसला. मग म्हणाला, "भगवानराव मला त्याच्या ओट्यावर बसू देत न्हाई. पण चिलीम माझ्या हातातून घेतो. ती सोडली तर मी कुठं बसू?"

भगवानराव मराठ्याच्या घरातले होते. चिलमीला ओला कपडा गुंडाळतात, ती मुठीतून ओढतात, ओठ लागत नाहीत. त्यामुळे त्या एका बैठकीत कुणाचं घर कुठलं हे विचारलं जात नव्हतं. बा बोलेपर्यंत माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मामा म्हणाले, "बैठक कशाला मोडायची? चिलीम मोडू."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली तीच माणसं बसली. मामा स्वतः मध्ये बसले आणि त्यांनी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, एकाच पेल्यात कोरा चहा फिरवला. "नंबर चिलमीचाच," ते म्हणाले. "जल्दी करू नका."

"मुकादम, याची नशा कवा चढंल?" कुणीतरी विचारलं.

"घरी जाऊन बायकोला हात हुंगू द्या, मंग चढंल."

पेला बाच्या हातातून भगवानरावांकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी काठाकडे पाहिलं. मग मान मागे टाकून चहा वरून ओतला. तो हनुवटीवर सांडला, गळ्यापर्यंत भाजलं. सगळे हसले.

"भगवानराव," मामांनी शांतपणे विचारलं, "धूर बी असाच वरून वतून घेत व्हता का?"

भगवानराव पेला ठेवून निघून गेले. त्यानंतर दुपारी ते मुरमाच्या ढिगामागे एकटेच बसत. सकाळी त्यांचा हात मामांना पटत नसे आणि ते दगड रचत.

इकडे बाचे हाल होते. घाम फुटायचा, झोप नव्हती, भाकरी कच्ची आहे म्हणून त्यानं ताट भिरकावलं. मामा त्याला यारी फिरवायच्या हँडलला जुंपून ठेवत, ब्रेक मात्र स्वतःकडेच. "हात रिकामा ठिवू नको, रिकामा हात खिशात जातो," असं म्हणत आणि त्याच्या मुठीत फुटाणे कोंबत. एकदा बानं ते फुटाणे मामांच्याच अंगावर फेकले. मामांनी मातीतले वेचले, फुंकले आणि स्वतः खाल्ले. रागावलेले मला दिसले नाहीत.

सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी भगवानराव न बोलता आपल्या जागेवर येऊन बसले. बाच्या हातातून पेला घेतला. ओठाला लावून प्यायले.

"साखर कमी हाय," म्हणाले.

"उद्या घालू," मामा म्हणाले. त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं.

त्या पावसाळ्यात मामा तापानं गेले. मी परीक्षेमुळे येऊ शकले नाही. पुढच्या उन्हाळ्यात टोळीनं पिंपळगाव रेणुकाईला विहीर धरली. पहिल्या सकाळी यारी उभी राहिली, बानं तिच्या चाकांना ग्रीस लावलं, पण ब्रेकपाशी कुणीच जाईना. माझ्या हातात रिकामी पाटी होती. मायनं ओढलं तरी मी हलले नाही.

बा पुढे गेला. दांड्यापाशी उभं राहून त्यानं डावा तळहात पुढे केला. म्हणाला, "आधी माझा घे."

खाली पहिले उतरणारे भगवानराव होते. त्यांनी बाचा हात दोन्ही हातांत धरला आणि नाकाला लावला. मामांचा हात हुंगायला कुणाला इतका वेळ लागत नसे.

"कशाचा येतो?" बानं विचारलं.

"ग्रीसचा," भगवानराव म्हणाले आणि आपला तळहात त्याच्यापुढे धरला.

बानं तो हुंगला. "उतर," म्हणाला.