भय की भाय

आमच्या क्लासच्या सरांचा एकच हेका होता: जो उडतो तो घाबरत नाही. मी म्हणायची, सर, कुणी घाबरतच नसेल तर गोष्ट कसली? सर म्हणायचे, गोष्ट नको, खेळ कर. क्लासच्या प्रदर्शनाला लोक खेळायला येणार आहेत, रडायला नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. धुळ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा कॉम्प्युटरचा क्लास होता. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. चार कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मी साक्रीच्या बाजूच्या आमच्या गावाहून एसटीनं यायची. वडील गेल्यापासून घरात मोठ्या भावाचा शब्द चालायचा. तो ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा. माझा क्लास त्यानं चालू दिला होता, पण ‘बघू’ म्हणत म्हणत. पुढचा कोर्स जळगावला होता, तिथं राहून करायचा. भाऊ म्हणाला होता, प्रदर्शनात तू काय करतेस ते आधी पाहतो, मग जळगावचं सांगतो. म्हणजे माझं सगळं, प्रदर्शनासाठी मी कॉम्प्युटरवर बनवत होते त्या एका खेळावर येऊन ठेपलं होतं.

सुट्टीत एका मैत्रिणीकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यातले सगळे वीर एका माळेचे मणी. मुखवटा लावायचा, ठोसे मारायचे, मेलं की पुन्हा उभं राहायचं. प्रत्येकाला तीन तीन जीव. तीन जीव गाठीला असल्यावर कुणीही शूर होईल, त्यात कसलं कौतुक? मला त्यांचा रागच यायचा.

माझ्या वीराचा झगा मी पडद्यावर टाइप केलेल्या फुल्या जोडून केला होता. तो गावावरून उडायचा आणि मागून एक सावली यायची. तिच्यापासून पळालं की त्याची भीती एकेका आकड्यानं वाढायची. वळून तिच्या अंगावर गेलं की उतरायची. नऊ झाली की उडणं बंद, वीर धपकन खाली. एवढं बसवायला मला दोन महिने लागले. सर शेवटपर्यंत म्हणत राहिले, तो भीतीचा आकडा काढून टाक, पॉइंट ठेव. मी हट्टाला पेटले. नाही काढला.

पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती. सर म्हणाले, ‘फिअर’ लिही. मी म्हटलं, आमच्याकडच्या माणसांना फिअर काय कळणार? कोपऱ्यात चार अक्षरांचीच जागा उरली होती आणि ‘भीती’ला पाच लागत होती. म्हणून मी ‘भय’ लिहिलं: बी, एच, ए, वाय. स्वतःच्या हुशारीवर तेव्हा मी खूश होते.

प्रदर्शनाच्या दिवशी पहिलाच माणूस खुर्चीत बसला आणि मोठ्यानं वाचू लागला, “भाय तीन. भाय चार.” मागचा म्हणाला, “ह्याना भाय वाढी राह्यनात!” वीर पळतोय आणि त्याचे भाऊ वाढतायत. नऊ झाले आणि तो कोसळला, तेव्हा एक म्हातारे आबा मान डोलवत म्हणाले, “नऊ भाय म्हन्जे वाटनी व्हई गयी. आते कसानी ताकद?” सगळे हसून लोटपोट झाले. मी घसा फोडून सांगत होते, भाय नाही हो, भय, भीती! कुणी ऐकेना. सर जवळ येऊन म्हणाले, “तरी सांगत होतो, फिअर लिही.” त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

दुपारी भाऊ आला. हात घासून धुतले होते, तरी नखं काळीच. गर्दीत कुणीतरी ओरडलं, “भाय वाढना का मानूस पडस!” भाऊनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला जिन्यात बोलावलं.

“हाऊ काय खेळ शे?” तो म्हणाला. “भाय वाढना का मानूस पडस?”

“भाऊ, ते भाय नई. भय शे. भ्याव.”

मग त्यानं विचारलं, “कोना भ्याव?”

दिवसभरात, कुणाची भीती, हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. सरांनी कधी विचारला नाही, आणि मी स्वतःलाही नाही. उत्तर माझ्यासमोर एका पायरीवर उभं होतं.

“कोनाच नई,” मी म्हणाले. “खेळमधला शे.”

त्याचा चेहरा सैल झाला. आत येऊन तो खुर्चीत बसला आणि चांगला तीन वेळा खेळला. वळ, वळ, म्हणून मी सांगत होते, पण तो नुसता पळवत राहिला आणि वीर पडला की पोरासारखा हसायचा. मीही हसले. जमलं आपलं, असं मला वाटलं.

एसटी स्टँडकडे चालताना तो म्हणाला, “खेळ चांगला शे तुन्हा. पन जळगावनं ऱ्हाऊ दे. तठे तू एकली. तुले भ्याव वाटी.”

मला जळगावचं भय मुळीच वाटत नव्हतं. ज्याचं वाटत होतं, त्यानंच मला भीती वाटेल म्हणून घरी बसवलं. आणि मी म्हणाले, “बरं, भाऊ.”