डब्यातली हलगी

मुलाखत घ्यायला येणारी पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: तुमचा पहिला बीट कोणता? मीही हमखास खोटं बोलतो. कुठल्यातरी जुन्या अमेरिकन रेकॉर्डचं नाव ठोकून देतो, समोरचा मान हलवून लिहून घेतो, दोघंही खूश. हिप-हॉपमध्ये आपलं मूळ न्यूयॉर्कच्या एखाद्या गल्लीत दाखवलं की माणूस खानदानी ठरतो. राणीसावरगावजवळच्या म्हशीच्या गोठ्यात दाखवलं तर पुढचे चार प्रश्न म्हशीवरच येतील.

पण झालं ते गोठ्यातच. इंग्लंडातल्या एका कायम ओल्या शहरात, तळघरातल्या स्टुडिओत बसून मी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या बडबडीखाली ठेके घालतोय. इथं मला प्रोड्युसर म्हणतात. गावात टेपवाला म्हणायचे आणि वडील रिकामटेकडा म्हणायचे. काम तिन्ही वेळेला तेच होतं.

टेप आणला दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. दाजी आखातात क्रेन चालवायचे आणि सुट्टीवर आले की आमच्या ओसरीवर त्यांची बॅग उघडायचा सोहळा व्हायचा. त्या वर्षी अत्तर, ब्लँकेट यांच्या खालून दोन कॅसेटांचा टेप निघाला. एका बाजूला वाजवायचं, दुसऱ्या बाजूला भरून घ्यायचं. सोबत एक कॅसेट होती, दाजींना तिकडच्या कुणा कामगारानं दिलेली. तिच्यात एक माणूस गातच नव्हता. ठेक्यावर नुसता भराभर बोलत होता.

वडील चहा पिता पिता थांबले. "ह्यो गायलाय का भांडायलाय?"

"भांडायलाय," आई चुलीपाशून म्हणाली, "पर तालात भांडायलाय."

पुढं या संगीतावर मी परिसंवाद ऐकले, जाडजूड लेख वाचले. आईच्या पुढं कुणी गेलं नाही.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठ आमच्या गावातल्या बहुतेकांनी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव बदलावं की नाही यावर पारावर रोज गळे सुकत. सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलणारे दहावीला तीन-तीनदा बसलेले होते. मी दोनदा बसलो होतो, म्हणून जरा हळू बोलायचो. शिक्षण सुटलं तसा मी एसटीनं पालमला जाऊन एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत होतो आणि उरलेला वेळ गोठ्यात टेपपुढं.

त्या परदेशी गाण्याखाली एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. ते कसं करतात हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शोधलं. तुकडा वाजवायचा, दुसऱ्या बाजूला भरायचा, नेमक्या क्षणी पॉजचं बटण दाबायचं, पहिली कॅसेट मागं न्यायची, पुन्हा वाजवायची, पुन्हा भरायची. एका मिनिटाच्या ठेक्याला अख्खी सकाळ जायची. अंगठ्याला घट्टा पडला. पोराच्या हाताला एकदाचा घट्टा पडला म्हणून आई हरखली, आणि तो बटणाचा आहे हे कळल्यावर दोन दिवस बोलली नाही.

आता फिरवायचं काय? आमच्याकडं एकच वाद्य असं होतं की ज्यानं छातीत धडधड व्हायची: हलगी. आणि ती एकाच माणसानं वाजवावी असं सगळी पंचक्रोशी मानायची. ते खालच्या आळीत राहायचे, म्हणजे गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलेल्या लोकांच्या वस्तीत. माझ्या आजोबांच्या वयाचे. तरी आम्ही शेंबडी पोरंसुद्धा त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते आम्हाला मालक म्हणायचे. लिहिताना मी 'ते' म्हणतोय ही माझी नंतरची अक्कल आहे. तेव्हा नव्हती.

मी टेप घेऊन त्यांच्या दारात गेलो. "वाजव की थोडं, भरून घेतो."

त्यांनी काडीकचरा पेटवून हलगी शेकली, कान लावून कातडं तपासलं आणि अर्धा तास वाजवली. लग्नाचं, मयताचं, पोळ्याचं, कुस्तीचं, सगळं. मी घरी येऊन त्यातले चार ठोके उचलले आणि फिरवले. दोन दिवसांनी त्यांना ऐकवायला नेलं. ते उकिडवे बसून ऐकत राहिले.

"आर्ध्या घंट्यातलं येवढंच कामाला आलं?"

"येवढंच लय भारी हाय."

त्यांनी आणखी ऐकलं. मग टेपच्या मागं वाकून बघितलं आणि हसले. "ह्यात म्या दमतच न्हाई की, मालक."

मला ती शाबासकी वाटली. मी ते चार ठोके कॅसेटच्या अख्ख्या एका बाजूला भरले आणि गोठ्यात इतक्यांदा लावले की म्हशीनं दूध कमी केलं असं वडिलांचं म्हणणं होतं.

पुढच्या पावसाळ्यात खालच्या आळीतली पोरं नामांतराच्या मोर्चाला परभणीला जाऊन आली. आल्यावर गावानं ठराव न करता ठराव केला. त्यांना कुणी रानात कामाला बोलवीना, दुकानदार रॉकेल देईना, गिरणीवाला दळण घेईना. खालच्या आळीनं उलटून शिव्या दिल्या नाहीत. एकच केलं. गावासाठी हलगी बंद. लग्नाला नाही, मयताला नाही.

आधी गाव हसलं. मग पोळा जवळ आला तसं हसू कमी झालं. कारण आमच्याकडं बैल वेशीत उभे राहतात, त्यांच्या लग्नाची मंगलाष्टकं होतात, आणि हलगी कडाडल्याशिवाय मानाचा बैल तोरणाखालून पाऊल टाकत नाही. बैलाची काही हरकत नसते, माणसांची असते. दोन माणसं समजूत घालायला खालच्या आळीत जाऊन आली. म्हातारबाबांनी दारातूनच सांगितलं, "औंदा न्हाई."

मग सरपंच आमच्या ओसरीवर आले. माझ्या वडिलांशी बोलत होते, बघत होते माझ्याकडं.

"ह्याच्या डब्यात हाय म्हनं हलगी?"

वडील तोवर त्या टेपला डबाच म्हणायचे आणि मला डब्याचा राखणदार. त्या दिवशी ते ताठ बसले आणि म्हणाले, "हाय की. आमच्या पोराकडं समदं हाय."

आमचं पोरगं. वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो.

"बैल चालतील का त्याच्यावर?" सरपंचांनी मला विचारलं.

"बैल काय, तुमीबी चालताल," मी म्हणालो.

मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. ज्या माणसानं नाही म्हटलंय त्याचाच हात मी लावणार होतो. पण वडिलांच्या तोंडचं ते एक वाक्य आणि अख्ख्या गावासमोर भोंग्यातून वाजणारा माझा ठेका, एवढ्या दोन गोष्टींपुढं माझी बुद्धी गहाण पडली. मी विचारायलासुद्धा गेलो नाही. गेलो असतो तर उत्तर माहीत होतं, म्हणूनच गेलो नाही.

पोळ्याला ट्रॅक्टरवर भोंगा बांधला, बॅटरीला तारा जोडल्या. बैल झुली, बाशिंगं, गोंडे घालून वेशीत ओळीनं उभे. सरपंचांनी मानाच्या बैलाचा कासरा धरलेला, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. मंगलाष्टकं संपली, सरपंचांनी हात वर केला आणि मी बटण दाबलं.

आता इथं माझ्या कारकिर्दीतली पहिली तांत्रिक चूक सांगितली पाहिजे. अर्ध्या तासातून मी जे चार ठोके निवडले होते ते मला सगळ्यांत झणझणीत वाटले म्हणून निवडले होते. ते कुस्तीचे होते. पैलवान चीत व्हायच्या बेतात आला की म्हातारबाबा जे वाजवायचे, ते. पोळ्याला ते वेगळं वाजवायचे, सावकाश, बैलांच्या पायांकडं बघत. एखादं जनावर बुजलं की हात हळू करायचे, मोकळं चालायला लागलं की वाढवायचे. मी लहानपणापासून दर वर्षी बघत होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं.

माझ्या टेपला बैलांचे पाय दिसत नव्हते. भोंग्यातून कुस्ती सुरू झाली ती सुरूच राहिली. मानाचा बैल आधी थरथरला, मग उधळला. त्याच्यामागं बाकीचे. तोरण एकाच्या शिंगात, झुली चिखलात, आणि सरपंच कासरा न सोडता थेट उकिरड्यात. फेटा आधी पोचला, मागून सरपंच. लोक ओरडत होते, "बंद कर, बंद कर!" आणि मी ट्रॅक्टरवर उभा राहून हसू दाबत होतो, कारण खरं सांगायचं तर ठेका जबरदस्त वाजत होता.

मग माझी नजर ओढ्यापलीकडं गेली. खालची आळी दारांबाहेर येऊन उभी होती. पोरं बैलांकडं बोट दाखवून खिदळत होती. म्हातारबाबा मात्र बैलांकडं बघत नव्हते. ते भोंग्याकडं बघत होते, दोन्ही हात काखेत घालून. हात काखेत आणि हलगी गावभर वाजतेय.

मी बटण दाबलं. ठेका थांबला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारबाबा आमच्या गोठ्यापाशी आले. आमच्या आवारात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरच थांबले. मी आत या म्हणालो, तेव्हा आले आणि पालथ्या घमेल्यावर बसले.

"लाव."

मी लावलं. त्यांनी थोडं ऐकून हात वर केला.

"ह्यो कुस्तीचा हाय. बैलाला कुनी कुस्तीचा वाजवतंय का, येड्या?"

मला वाटलं, सुटलो. धंद्यातल्या माणसानं धंद्यातली चूक दाखवली, झालं. पण ते उठले नाहीत.

"दोन म्हैने झाले आमी न्हाई म्हनायलोत," ते म्हणाले. "लेकराबाळाला अर्धपोटी निजवून न्हाई म्हनायलोत. अन तू माज्याच हातानं हो म्हनलास."

मालक म्हणाले नाहीत. ते माझ्या नंतर लक्षात आलं. मी कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि गेले. तिचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही. मी पुन्हा तो ठेका बनवला नाही, आणि वडिलांसाठी 'आमचं पोरगं' त्या पोळ्यापासून पुन्हा आईचं एकटीचं झालं.

गावाचा बहिष्कार हळूहळू सैल पडला, कारण रानात माणसं लागतातच. हलगी मात्र परत आली नाही. पुढच्या पोळ्यांना बैल नुसत्या घुंगरांवर चालले आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल अखेर लागला, जुन्या नावाला नवं जोडून. खालच्या आळीनं मिरवणूक काढली. दाजींनी मला आखातात इलेक्ट्रिशियनचं काम मिळवून दिलं होतं आणि आठवड्याभरात मी गाव सोडणार होतो. तिथून पुढं इंग्लंड, तळघर, हा सगळा संसार. पण तेव्हा डोक्यात एवढंच होतं की परमुलखात जाताना त्या हाताचं काहीतरी सोबत न्यावं. मी टेप घेऊन ओढ्यापलीकडं गेलो. म्हातारबाबा हलगी शेकत बसले होते.

"आबा," मी म्हणालो, "तुमचं वाजवणं भरून घेऊ का?"

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आबा म्हणत होतो, अहो म्हणत होतो आणि विचारत होतो. तिन्ही एकदम. माझी अपेक्षा होती की एवढ्यावर तरी गडी पाघळेल.

त्यांनी कातडं कानाशी धरून एक टिचकी मारली. "न्हाई," म्हणाले, आणि पुन्हा शेकायला लागले.

मला राग आला. एवढं नमून विचारलं तर निदान कारण तरी सांगावं. मग आठवलं की मागच्या वेळी मी तरी कुठं कारण सांगितलं होतं. टेप पिशवीत घातला, पिशवीचं तोंड बांधलं आणि मिरवणुकीमागं चालायला लागलो.

ते वाजवत ओढा ओलांडून वेशीतून आत आले. मी उघड्या कानांनी, रिकाम्या हातांनी ऐकत होतो आणि अंगठा आपोआप बटण शोधत होता. त्यांनी पुढं नाचणाऱ्या पोरींच्या पायांकडं बघत हात वाढवला, एका म्हातारीला ओढ्याचा चढ चढता येईना तेव्हा हळू केला, पाराजवळ असा काही तोडा घेतला की मी शिवी दिली, प्रेमानं. ते वाजवणं आता कुठंच नाही. माझ्याकडं तर नाहीच.

दीडेक तासानं त्यांनी हलगी नातीच्या गळ्यात घातली आणि पारावर माझ्याशेजारी येऊन टेकले. सदरा अंगाला चिकटला होता, श्वास लागला होता, हात मांडीवर आपोआप थडथडत होते. नात चुकत चुकत वाजवत होती.

"दमलो गड्या," आबा म्हणाले. फार खूश होते.