चैतात जेवाले या

आमच्या तुरीच्या सरांनी जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत. कुणी चहा दिला की मुकाट्याने प्यायचे. एकदा पंक्चर झालेली त्यांची सायकल एका शेतकऱ्याने उन्हातान्हात गावापर्यंत ढकलत आणून दिली, तर सरांनी हँडल हातात घेतलं आणि त्याच्या बैलाची चौकशी केली. नवख्याला वाटायचं, काय उर्मट माणूस आहे! मलाही वाटलं होतं. शेवटी वर्गात कुणीतरी धीर करून विचारलंच, तेव्हा म्हणाले, "कार्यक्रमात पाहत नाई का बे तुमी? आभार सुरू झाले की लोकं खुर्चीखाली चपला शोधाले लागतात. मले कोनाले उठवाचं नाई."

पुसदकडच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतीशास्त्र शिकवत, पण त्यांचं नाव पडलं ते तुरीवरून. कॉलेजला खेड्यापाड्यांतल्या आणि तांड्यांवरच्या मुलींचं वसतिगृह होतं. प्राध्यापकांचे पगार सरकार देई; मुलींच्या पोटाचं मात्र कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. ते सरांनी ठरवलं. माघात तुरी निघाल्या की सायकलच्या कॅरिअरला गोणपाटाची चुंगडी बांधून ते थेट महागावपर्यंतची गावं पालथी घालत. अंगणात उभं राहायचं आणि सांगायचं, "पोरीइच्या वरनाची तूर संपली." बस, एवढंच. कुणी पायलीभर ओती, कुणी सूपभर. सरांचं उत्तर ठरलेलं, "चैतात जेवाले या."

आणि लोक खरंच येत. चैत्रातल्या एका रविवारी वसतिगृहाच्या अंगणात पंगत बसायची. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. देणारे पाटावर, आम्ही मुली वाढायला. ना हार, ना भाषण. सर दारात उभे राहून म्हणत, "बसा. तुमचीच तूर हाये. खारट झाली त पोरीइले बोला." लोक बोलतही. कुठली व तू? काय शिकतं? घरी कोन कोन हाये? या चौकशांपुढे तोंडी परीक्षा बरी वाटे.

त्यात सगळ्यांत खमकी होती ती महागावकडच्या तांड्यावरची झमकूयाडी. याडी म्हणजे आई. अख्खा तांडा तिला तसं म्हणे, म्हणून आम्हीही. माझं पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. शिक्षण पुरे, असं घरात ठरलंच होतं. त्या पंगतीत सरांनी, मला न्यायला आलेल्या बाबांना नेमकं याडीच्या शेजारी बसवलं. तो योगायोग होता, असं सर शेवटपर्यंत म्हणत. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. मी वरण वाढायला वाकले तशी याडीने माझं मनगट धरलं आणि बाबांकडे पाहत म्हणाली, "माह्या तुरीवर पोसली हे पोरगी. पुढच्या चैतात वाढाले दिसली पायजे." बाबांनी वरणासाठी वाटी पुढे केली. पुढच्या चैत्रात मी वाढायला होते, त्याच्या पुढच्याही. आज मी त्याच कॉलेजात शिकवते.

मग फाउंडेशन आलं. मोठ्या शहरातलं, मोठ्या कंपनीचं. माणसं वाईट नव्हती, हे मी आजही सांगेन. स्टीलची टेबलं आली, गॅस आला, भिंतीवर आठवड्याचा मेनू लागला. ज्या मेसमध्ये आम्ही वरणावर वर्षं काढली, तिथे मुली पनीर खाऊ लागल्या. फक्त किराणा एकाच दुकानातून आणि पावतीनिशी घ्यायचा होता. दारोदार धान्य गोळा करणं संस्थेला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाहेरच्या माणसांना मेसमध्ये मनाई झाली आणि पंगतही गेली. मीटिंगमध्ये सर एकदाच बोलले, "देनारा एकच ठेवला त तो उठला की पंगतच उठते." कुणी मनावर घेतलं नाही. उद्घाटनाला ज्येष्ठ म्हणून आभारप्रदर्शन नेमकं त्यांच्याच गळ्यात मारलं होतं. माइकसमोर येऊन म्हणाले, "पाहुने आले, चांगलं झालं. येत राहा. आता जेवाले चला." आणि खाली बसले. प्राचार्य लालबुंद! शेवटी त्यांनीच उठून सगळ्यांचे आभार मानले.

निवृत्त झाल्यावरही सर माघात गावोगाव जात राहिले. आधी सायकलने, पुढे एसटीने, काखेत घडी केलेली रिकामी चुंगडी. लोक विचारत, "नेत काई नाई त येता कायले, सर?" ते म्हणत, "तुमी आहा का नाई, पाहाले." म्हातारपणी डोकं फिरलं, असं स्टाफरूममध्ये ठरून गेलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर फाउंडेशनची ऑनलाइन मीटिंग झाली. वसतिगृहाची जबाबदारी आता माझ्याकडे, म्हणून मीही होते. त्यांचं धोरण बदललं होतं. यापुढे वसतिगृहं, इमारती, जेवण यांना पैसा नाही. आता मोबाइलवरून कौशल्य शिकवायचं. नव्या मॅडम फार गोड बोलल्या. दर वाक्याला आमच्या सहकार्याचे आभार. पुढच्या सत्रापासून मेस बंद. पनीर गेलं त्याचं काही नाही हो, पण मेस नसली की कितीतरी बापांना पोरीचं शिक्षण थांबवायला निमित्तच मिळतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत?

मी तडक सरांकडे गेले. त्यांनी अंथरूण धरलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आभार मानले का?"

"खूप."

"मंग चपला सापडल्या त्याइले." हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. "चुंगडी घेऊन जाय. मांगू नको. संपली म्हनून सांग."

"इतक्या वर्षांनी कोण देईल, सर?"

"मले काय मालूम? जाऊन पाह्य."

मी उठून चुंगडी काढली. "सर, तुमच्यामुळे मी…" एवढंच बोलले असेन, त्यांनी हात वर केला.

"ते बोलू नको. आजून बस जराशी."

मी बसले. सूनबाईंनी दिवा लावला तरी बसून होते. मार्गशीर्षात, तुरी शेंगांनी लदबदल्या असताना सर गेले. माझं ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

माघात चुंगडी घेऊन निघाले. पहिल्याच घरी ऐकून घ्यावं लागलं, "मोठ्या लोकाइनं सोडलं तवा आमी आठवलो का, मॅडम?" पाणी प्यायले आणि उठले. पुढे कुणी थोडी तूर दिली, कुणी नुसतीच मान हलवली. तांड्यावर झमकूयाडी उन्हाला बसली होती. नजर अधू झाली होती, पण माझ्याआधी तिने चुंगडी ओळखली.

"काहून नाई नेली इतके साल? आमची तूर कडू झालती का?"

"नाही याडी," मी म्हणाले. "पोरींच्या वरणाची तूर संपली."

तिने सुनेला हाक मारली. सूप आलं. सुनेला हात लावू न देता तिने स्वतः ओतलं. माझ्या ओठांपर्यंत थँक्यू आलं होतं. गिळलं.

"चैतात जेवायला ये, याडी."

"येईन." चुंगडीचं तोंड बांधता बांधता ती म्हणाली, "पन वाढाले पोरी कमी दिसल्या त तुलेच इचारीन."

मी चुंगडी स्कूटीवर ठेवली आणि पुढच्या घराकडे निघाले.