पाण्यात उतरणारी गाडीवाट

दादा गेला त्या दिवशी तो पाण्यात नव्हता. अंगणात नळाखाली पाण्याखाली घालायचा मास्क धूत होता. वहिनीने चहाला हाक मारली. आलो म्हणाला आणि पायरीवर बसला. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मान हलवली. नळ चालूच होता. तो मी बंद केला.

समाचाराला आलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो, "कुठल्या धरणात?" अंगणात, असं सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नसे. एक गृहस्थ तर जाताना पुन्हा वळून म्हणाले, "तरी पाण्यापासनं लांब राहायला पाहिजे होतं."

माझा मोठा भाऊ सैन्यात होता. पाण्याखालचं काम तो तिथंच शिकला, पुलांचे पाये तपासण्याचं वगैरे. निवृत्त होऊन सांगलीला आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ऊस बघेल. ऊस त्याने बघितला, पण सुट्टीच्या दिवशी तो गाडीत सिलिंडर टाकून निघायचा आणि मला बरोबर घ्यायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. मला पोहता येतं, पण पाण्याखाली जायची इच्छा कधी झाली नाही. मी काठावर पुस्तक घेऊन बसायचो आणि बुडबुड्यांवर नजर ठेवायचो.

स्कूबा म्हटलं की आपल्याकडे लोकांना मालवण आठवतं. तिथं बोटीच्या कडेवर बसून मागं कलंडलं की झालं. आमच्याकडे बोट नव्हती. गोड्या पाण्यात काठावरून चालत उतरायचं, हाच दादाचा शौक होता, आणि त्यातला मोठा भाग तो काठ शोधण्यातच जायचा. मोबाइलच्या नकाशावर निळं दिसतं तिथं गेलं की पुढं उभा कडा निघायचा, नाहीतर मांडीभर गाळ, नाहीतर पंपाच्या पाइपांचं जाळं. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, असा माणूस शंभर पावलंसुद्धा सुखाने चालू शकत नाही. म्हणून गाडी जवळ जायला हवी, उतार हलका हवा आणि पायाखाली टणक जमीन हवी. वर परवानगी हवी. ती मिळवणं माझ्याकडे होतं, कारण कचेरीत वाट बघत बसायला मी कंटाळत नसे.

या शोधात मला हळूहळू गोडी लागली, हे मी त्याला कधी बोललो नाही. विहिरींना पायऱ्या कुठल्या दिशेला असतात, खडीच्या जुन्या खाणीत पाणी इतकं हिरवं का दिसतं, असले प्रश्न मला पुस्तकातही सुटायचे नाहीत. दादाने एकदा सांगितलं, समुद्राचं पाणी माणसाला वर उचलतं, गोडं पाणी तेवढं उचलत नाही, म्हणून इथं शिसं कमी लागतं. त्यामुळे त्याच्या पट्ट्यावरची काही वजनं घरी कोपऱ्यात पडून असायची. मी ती पुस्तकांवर दाब म्हणून ठेवत असे.

साताऱ्याकडच्या एका पायऱ्यांच्या विहिरीवर आम्ही गेलो होतो. शिरवळचा त्याचा पलटणीतला मित्र सोबत होता. सिलिंडर पुण्याहून भरून आणणं त्याच्याकडे असायचं, आणि दादा त्याच्याशिवाय कधी पाण्यात उतरला नाही. विहिरीचे मालक म्हातारे होते. त्यांनी नारळ फोडून घेतला, मग दादाच्या पायांतल्या लांब रबरी पंख्यांकडे बघितलं.

"पायतान घालून कुठं निघालाय?"

"आवं बाबा, पायतान न्हाई. पोहायचं हाय हे."

"पायात हाय न्हवं? मग पायतानच. आत साती आसरा हायत्या."

दादाने मुकाट्याने ते काढले, काखेत धरले आणि अनवाणी पायऱ्या उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याने वर बघितलं. "आता घातलं तर चालंल का?"

म्हातारे म्हणाले, "पाण्यात काय घालायचं ते तुमचं आन् त्यांचं. पायरी माझी हाय."

मित्र इतका हसला की त्याला मास्क दोनदा लावावा लागला.

आता मावशीबद्दल. आमचं आजोळ शिराळा तालुक्यातलं. आईची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दिली होती. पुढं तिथं धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. त्या लोकांना आटपाडीच्या बाजूला जमिनी मिळाल्या. धरणाचं नाव मी लिहीत नाही, परवानगीशिवाय तिथं कोणी उतरू नये म्हणून. गाव उठलं तेव्हा देवीला कौल लावला होता आणि देवीने हलायला नकार दिला. लोक आले, देवी तिथंच राहिली. अजूनही वैशाखात पाणी उतरलं की गावच्या बायका जीप ठरवून जातात आणि धरणाच्या रस्त्यावरून देवीची ओटी पाण्यात सोडतात. तांदूळ बुडतात, खण भिजत भिजत खाली जातो. नारळ मात्र तरंगतो आणि लाटेबरोबर काठाला परत येतो.

"लय वंगाळ वाटतं रं," मावशी दादाला म्हणाली होती. "पाठीमागनं ओटी टाकतोय आमी तिला. तू तर आत जातोस. एकदा तिच्या म्होरं ठेव की. आन् बसली हाय का बघून ये. माझं गुडघं हायत तवर सांग."

दादाने शब्द दिला. वाट विचारली. मावशीने डोळे मिटून सांगितली: खिंडीतनं खाली उतरायचं, पिंपरणीच्या झाडापाशी वळण, मग सरळ गाडीवाट वेशीतनं आत, वेशीपासनं डाव्या हाताला देवीच्या पायऱ्या.

तीन उन्हाळे आम्ही कराडकडून धरणाच्या रस्त्याने गेलो. एक खिंड सापडली, पण तिच्याखाली नुसता कडा. एका ठिकाणी दोर लावून दादा आणि मित्र उतरले, डाव्या हाताला शोधत राहिले आणि गाळाने माखून वर आले. दादा म्हणाला, "मावशीला आठवत न्हाई गड्या. वय झालं." मीही मान हलवली. शेवटच्या खेपेला परतताना तो गाडीत नखांतला गाळ काढत बसला. मग म्हणाला, "औंदा न्हाई झालं. म्होरल्या साली बघू."

तो गेल्यावर मावशीला येववलं नाही, म्हणून मीच आटपाडीला गेलो. डाळिंबाच्या बागेत तिचं घर आहे. ती आधी रडली, मग मला भाकरी वाढली. मी जेवत असताना समोर बसून म्हणाली, "त्यानं सबूद दिलता."

"व्हय मावशी."

"आता कोण जाणार?"

मी भाकरी मोडत राहिलो. पण मला एक गोष्ट पुष्कळ दिवस टोचत होती. पाठीमागून ओटी टाकतो, असं ती का म्हणाली होती? देवीचं तोंड कुठं आहे हे जिला इतकं ठाऊक आहे, तिला वाट आठवत नाही, हे कसं? मी ताटाच्या कडेला बोटाने धरणाचा रस्ता काढला आणि म्हटलं, "आपण इथनं येतो. खिंड कुठं?"

तिने ताटाकडे बघितलं आणि माझ्याकडे. "इथनं कशाला येशील तू?"

"मग कुठनं?"

"आरं, तुमी माझ्या बहिणीची पोरं. माझ्या माहेरची. माहेरचं माणूस माहेराकडनंच येणार न्हवं? शिराळ्याकडनं. मी लगीन होऊन बैलगाडीतनं आले ती वाट सांगितली तुमाला. ह्या अंगाचा रस्ता तर धरणवाल्यांनी केला. तवा तिथं शेळीबी जात नव्हती."

मी हात धुवायचे विसरून बसलो. तीन उन्हाळे आम्ही चुकीच्या काठावरून तिचा डावा हात शोधत होतो. आमचं आजोळ कुठं आहे हे आम्हाला माहीत नव्हतं का?

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं का, कुठनं म्हणून? येडी पोरं."

"आणि तुम्ही बायका तिकडून का जात नाही?"

"जीपवाला रस्ता हाय तिथं जातो. पल्याड आता कोन ऱ्हातंय?"

परवानगीला वेळ लागला. शिरवळच्या मित्राला मी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "वैशाखात येतो." दोघांनी उतरायचा नियम म्हणून त्याने पुण्याहून एका ओळखीच्या पाणबुड्याला आणलं. मावशीला मी आदल्या दिवशीच सांगलीला घेऊन आलो होतो. शिराळा मागं टाकून आम्ही डोंगर चढलो. खिंडीत डांबर संपलं, कच्चा रस्ता सुरू झाला. पिंपरण उभी होती. तिला वळसा घातला आणि मित्राने गाडी थांबवली.

समोर दगडांनी बांधून काढलेली गाडीवाट होती, दोन्ही कडांना चिऱ्यांची ओळ. मधून गवत उगवलं होतं. ती उताराने खाली जात होती आणि कुठंही न थांबता पाण्यात शिरत होती. पाणी इतकं स्थिर होतं की चिऱ्यांच्या दोन ओळी आतमध्येही काही हात दिसत होत्या. मित्र उतरला, टाच आपटून दगड बघितला. "च्यायला," तो हळू म्हणाला, "ह्याच्यावरनं तर ट्रक जाईल."

मावशी गाडीतून उतरून वाटेवर चालू लागली. चपला तिने खिंडीतच काढल्या होत्या. गुडघाभर पाण्यात गेली आणि उभी राहिली. मी धरायला गेलो तर म्हणाली, "सोड. मला म्हायती हाय हितला दगूड न् दगूड."

नारळाचा प्रश्न होताच. मित्र म्हणाला, दगड बांधू. मी पिशवीतून दादाचं शिशाचं एक वजन काढलं, पुस्तकांवरचं. मावशीने ते हातात घेऊन तोललं.

"शिसं चालतं का देवीला?"

"कोळ्यांच्या जाळ्याला शिसंच असतंय मावशी," मित्र म्हणाला. "आन् हे त्याचं हाय."

मग तिने खणात तांदूळ, नारळ आणि ते वजन एकत्र घालून गाठ मारली. रबरी पंखे हातात धरून दोघे अनवाणी वाटेवरून पाण्यात गेले. मित्राने कमरेइतक्या पाण्यात ते पायात चढवले, माझ्याकडे बघितलं, हसला नाही. मग बुडबुडे वाटेच्या ओळीतून सरळ पुढं गेले आणि एका जागी डावीकडे वळले. मी पुस्तक आणलं होतं. उघडलं नाही.

ते वर आले तेव्हा मावशी चिऱ्यावर बसलेली होती. मित्राने तोंडातली नळी काढली.

"वेस हाय, एका बाजूचा खांब. पायऱ्या हायत. चौथरा हाय, पण वर गाळ. देवी दिसली न्हाई. हात घातला तर गोल काहीतरी लागलं. म्या खनलं न्हाई. म्होरंच ठेवली ओटी."

"न्हाई खनलंस ते बरं केलंस," मावशी म्हणाली. "झोपलेल्या माणसाचं पांघरून कोण वडतं?" थोड्या वेळाने तिने विचारलं, "वर आला न्हाई न्हवं नारळ?"

"न्हाई."

परतताना ती गाडीत झोपली. मित्र मध्येच म्हणाला, "त्याला ही वाट कळायला पाहिजे होती गड्या." मी हो म्हटलं.

आता दादाचा सूट आणि सिलिंडर मित्राकडे आहेत. मास्क वहिनीने कपाटात ठेवला आहे. मावशीला चालायला काठी लागते, पण पिंपरणीपासून पाण्यापर्यंत ती काठीने जाते. गावच्या बायकांची जीप आता शिराळ्याकडून येते. माझ्या टेबलावरच्या वजनांतलं एक कमी आहे.