सगळे नॉर्मल

सुरतेतल्या लिंबायतच्या जयश्रीला रक्त-लघवीची किळस कधी आली नाही. बायोमेडिकल सायन्सच्या पहिल्या वर्षी लघवीच्या बाटल्या समोर आल्या की वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. ही बया मात्र हात धुऊन सरळ बाटली उघडायची. खानदेशातून आलेला तिचा बाप सुकलाल पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला होता. त्याच्या कपड्यांच्या वासात वाढलेलं नाक केव्हाच मेलंय, असं ती हसत सांगायची.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी तिने मिल-कामगारांचं रक्त तपासायचं ठरवलं. परक्याला सुई लावू न देणारे गल्लीतले तीस जण, सुकलालची पोर म्हणून, सुट्टीच्या दिवशी उपाशीपोटी येऊन बसले. साखरेचा आजार असलेल्या शेजारच्या हिलालकाकाने तर देवापुढे दिवा लावून मग बाही वर केली.

कॉलेजातलं मशीन नेमकं बिघडलेलं, म्हणून नमुने फ्रिजमध्ये ठेवले. तेवढ्यात नवरात्रीची सुट्टी लागली, कुणीतरी फ्रिजचं बटण बंद केलं आणि सगळं नासलं. तो वास तिने सहज सोसला. पण प्रोजेक्टचे सर पान चघळत म्हणाले, "बेन, टेन्शन नहीं लेवानुं. बधा नॉर्मल लखी नाख." सगळे नॉर्मल लिहून टाकायचे! याची मात्र तिला किळस आली.

आणि तरी तिने लिहिलं! मार्क सरांच्याच हातात होते ना. तीस नावं, तीस खोटे आकडे, वर कॉलेजचा शिक्का. हिलालकाकाच्या नावापुढेसुद्धा साखर नव्वद. स्वतःच्या अक्षराची तिला शिसारी आली, पण रिपोर्ट तिने गल्लीत वाटले.

आठवड्याने हिलालकाका पेढे घेऊन दारात हजर. एक त्याने तिच्या तोंडातच भरवला.

"पोरी, मन्ही साखर गयी! साखरन्या गोया नालीमा टाकी दिन्यात."

तिने तोंडातला पेढा थुंकला.

"काका, तो कागद खोटा शे. तुम्हनं रगत सडी गयथं. मीच लिखेल शे ते. गोया आजच परत चालू करा."

हिलालकाकाने पेढ्यांचा पुडा उचलून घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. लघवीच्या बाटलीकडे वर्गातल्या मुली पाहायच्या, अगदी तसंच. फक्त त्याने नाकाला रुमाल लावला नाही, एवढंच.